चकचकीत बोल्ट

चाचांचा फोन आला तेव्हा आईबाबा नुकतेच घरातून निघाले होते. मी दारातली रांगोळी चाकाखाली कुठे पुसली गेली ते बघत उभी होते.

"बेटी, तुहे बाबा कुठी हायेत?"

"बुलडाण्याले गेले, चाचा. मामाकडे. आईले घेऊन."

"कोन्त्या गाडीत?"

"त्याच. आपल्या नव्या गाडीत."

चाचा मग म्हणाले, "फोन लाव त्यायले. असतील तिथं गाडी थांबवा म्हणा."

"काऊन? काय झालं?"

"आधी लाव. मंग सांगतो."

गाडी चालवताना बाबा फोन बंद ठेवत, हे मला माहीत होतं. तरी लावला. बंदच होता. आईचा वाजत राहिला, पण तिचा फोन कापडी पिशवीत आणि पिशवी डिकीत. उघड्या गाडीतल्या वाऱ्यात तो ऐकू येणार कुठून? पुन्हा पुन्हा लावत होते, तेवढ्यात चाचा स्वतःच स्कूटरवरून आले. घाईत पायात दोन वेगवेगळ्या चपला.

चाचा बाबांचे शाळेपासूनचे मित्र. मलकापुरात स्टेशनकडच्या गल्लीत त्यांचं प्लेटिंगचं दुकान. नळ, कड्या, मोटरसायकलचे सायलेन्सर, असली कामं. बाबांनी ही गाडी एका कापूस व्यापाऱ्याच्या गोदामातून भंगाराच्या भावात उचलून आणली होती. दोनच माणसं बसतील अशी, टप नसलेली जुनी परदेशी स्पोर्ट्स कार. बाबांचा जन्म वेल्डिंगच्या दुकानात गेलेला, त्यामुळे पत्रा आणि इंजिन त्यांनी स्वतः केलं. बंपर, दिव्यांच्या कडा, दारांच्या मुठी मात्र चाचांकडे गेल्या. चाचांनी जुना थर तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या टाकीत उतरवला, घासून घासून लोखंड गुळगुळीत केलं, मग तांबं, त्यावर निकेल आणि शेवटी क्रोम चढवलं. बंपर घरी आला तेव्हा आईने त्यात बघून टिकली सारखी केली होती. आणल्यापासून त्या गाडीला भंगार म्हणणारी आई त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसली.

बाबांना मग त्या चकाकीचं वेडच लागलं. गाडीचे खोलून ठेवलेले सगळे नटबोल्ट त्यांनी एका पिशवीत भरले आणि चाचांपुढे नेऊन ओतले. "हेही पांढरे कर. खालून पाह्यलं तरी गाडी नवी दिसली पाह्यजे." चाचांनी तेही तेजाबात धुऊन त्यांना जस्ताचा मुलामा दिला.

मी माझी गाडी काढली, चाचा शेजारी बसले. मोताळ्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी सांगितलं.

"कापसाच्या जिनिंगवाल्याचे बोल्ट बी बाबाच्या बोल्टायवानी त्याच टाकीत काढले होते मी. कडक लोखंडाचे. काल त्यानं मशीनवर आवळले. आज सकाळी दोघायची मुंडकी तुटून खाली पडलेली. मशीन चालू बी नोती, बेटी. उभ्या उभ्या तुटले."

"असे कसे तुटले?"

"मले बी समजलं नाही. जळगावात एक मोठा प्लेटिंगवाला वळखीचा हाये, त्याले इचारलं. थो म्हणे, कडक लोखंड तेजाबात टाकलं का त्यात गॅस शिरते. मुलामा झाला का लगेच भट्टीत तापवून थो बाहेर काढा लागते. नाही काढला त लोखंड आतून काचेवानी होते. वरून कायीच दिसत नाही. मी साधं लोखंडच करत आलो आजलोक. मले भट्टी माहीतच नोती."

"बाबांच्या पिशवीत कडक बोल्ट होते?"

चाचा रस्त्याकडे बघत म्हणाले, "स्टेअरिंगचे होते."

मी ॲक्सिलरेटर दाबला. कापसाने भरलेला एक ट्रॅक्टर पुढे होता, इतका फुगलेला की पलीकडचं काही दिसेना. हॉर्न वाजवून हात दुखला, तो सरकेना. चाचा खिडकीतून अर्धे बाहेर झुकून ओरडले तेव्हा कुठे त्याने बाजू दिली. मोताळ्याला चहाच्या टपरीपाशी मी काच खाली केली. विचारायचीही गरज पडली नाही. आमच्या चेहऱ्यांकडे बघूनच टपरीवाला म्हणाला, "हिरवी गाडी का? आत्ताच गेली. काकू लय खूश होत्या."

पुढे राजूरचा घाट होता. तिथे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणावर स्टेअरिंगवर सगळा ताण. प्रत्येक वळण घेताना मी आधी कठड्याकडे बघत होते. कठडा अख्खा दिसला की पुढचं वळण. चाचा पुटपुटत काहीतरी म्हणत होते, बहुतेक दुआ. मला ते थांबावेत असंही वाटत होतं आणि थांबू नयेत असंही.

घाट निम्मा चढल्यावर ती हिरवी गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला उभी, बॉनेट उघडं, वाफ निघत होती. चढाने इंजिन तापलं होतं. आई कठड्यावर बसून संत्रं सोलत होती. आजूबाजूला पाच-सहा जण मोबाईलवर गाडीचे फोटो काढत होते.

"तुम्ही काऊन आले?" बाबांनी विचारलं. चाचांनी धापा टाकत सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा लाल होत गेला.

"मी सोता आवळले ते बोल्ट. मलकापुरातून इथलोक आलो ना? काय झालं?"

"म्हणूनच म्हणतो, आता एक पाऊल बी नको."

"लोकायसमोर गाडी ओढून नेऊ का मी? पानी थंडं झालं का निघतो."

ते दार उघडून आत बसले. चाचा जाऊन बंपरसमोर उभे राहिले. वय झालेला, दमेकरी माणूस, पण हलेना. "पाना दे," एवढंच म्हणाले.

"नाही देत."

"मंग चालव. माह्या अंगावरून ने."

फोटो काढणाऱ्यांनी मोबाईल खाली केले. आईने संत्रं कठड्यावर ठेवलं, डिकीतून पाना काढला आणि चाचांच्या हातात दिला. बाबांकडे तिने बघितलंही नाही.

मी चाकांमागे दगड लावले. स्टेअरिंग पूर्ण फिरवून घेतल्यावर चाचा आडवे झाले आणि पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला. पहिला बोल्ट घट्ट होता. पाना लावून जोर केला तेव्हा कुरकुरला आणि नीट फिरला.

"पाह्यलं?" बाबा गाडीतूनच म्हणाले.

चाचांनी दुसऱ्याला पाना लावला. फिरवायच्या आधीच टक् असा बारीक आवाज झाला आणि बोल्टचं डोकं डांबरावर पडलं. घरंगळत माझ्या पायापाशी आलं. मी उचललं. बाहेरून आरशासारखं चकचकीत, आणि तुटलेल्या जागी खडीसाखरेसारखे करडे कण.

मी ते बाबांच्या तळहातावर ठेवलं. ते खाली उतरले. बराच वेळ अंगठ्याने ती तुटकी बाजू चाचपत राहिले. मग कठड्यापाशी गेले, खाली दरीत पाहिलं आणि तिथेच बसले. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "तुले घेऊन चाल्लो होतो मी."

खालून रिकामा टेम्पो मिळाला. गाडी त्यावर चढवली. आई तिथूनच एसटीला हात करून बुलडाण्याला गेली. मामा वाट बघत असेल म्हणाली.

परत येताना बाबा आणि चाचा माझ्या गाडीत मागे बसले होते, दोघं दोन खिडक्यांकडे तोंड करून. चूक कोणाची, यावर मलकापूर येईपर्यंत एक शब्द झाला नाही. गल्लीच्या तोंडाशी उतरताना चाचा म्हणाले, "पिशवीत पाहाले पाह्यजे होतं मी." बाबा म्हणाले, "मी द्याले नोते पाह्यजे." दार लागलं.

नंतर बाबांनी गाडी पुन्हा जवळजवळ पूर्ण खोलली. ताण येणारे सगळे बोल्ट नवे, बिनमुलाम्याचे काळेच घातले. ते काम हिवाळाभर चाललं. त्या काळात चाचा एकदाही घराकडे फिरकले नाहीत, स्कूटर न्यायलाही त्यांनी दुसऱ्याला पाठवलं, आणि बाबाही त्या गल्लीत गेले नाहीत.

गाडी तयार झाली त्या सकाळी बाबांनी मला शेजारी बसवून ती थेट प्लेटिंगच्या दुकानासमोर नेऊन उभी केली. हॉर्न वाजवला. चाचा हातमोजे काढत बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकांच्या आत बघितलं.

"बस," बाबा म्हणाले.

"दुकान उघडं हाये."

"राहू दे उघडं."

मी उतरले, चाचा बसले. हायवेच्या वळणापर्यंत गेले आणि आले, एवढंच. मी दुकान सांभाळत उभी होते. परतले तेव्हा दोघंही कशावरून तरी मोठमोठ्याने भांडत होते.