पेन्सिलरावांच्या टिपा

न्यायालयाच्या ग्रंथालयात वहिनी लागल्या त्या नवऱ्याच्या जागेवर. नवरा गेला आणि दीड महिन्यात साहेबांनी बोलावून त्यांना स्कॅनिंगच्या खोलीत बसवलं. साहेब म्हणजे ग्रंथपाल. माणूस भला, पण नियमाला चिकटलेला. कायद्याची जुनी, दुर्मिळ पुस्तकं पानापानाने कॉम्प्युटरवर चढवायची, म्हणजे कुठल्याही गावच्या वकिलाला ती घरबसल्या वाचता येतील, अशी योजना होती. काम तसं सोपं. पुस्तक लाकडी पाळण्यात उघडं ठेवायचं, काच खाली घ्यायची, बटण दाबायचं, पान उलटायचं. मात्र त्याआधी खोडरबर फिरवायचा. समासात कोणी काही लिहिलेलं असलं की मशीन ते छापील मजकुरात घुसडतं आणि पुढे शोधणाऱ्याचा सगळा घोळ होतो. म्हणून पान कसं स्वच्छ पाहिजे.

आता समासात लिहिलं होतं कोणी? तर वहिनींच्याच नवऱ्याने, सव्वीस वर्षं. त्यांना सगळे पेन्सिलराव म्हणत, कारण पेन्सिल कायम कानावर. एखादा जुना निकाल पुढे वरच्या न्यायालयाने फिरवला, की त्या जुन्या निकालाशेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवायचे: हा आता चालत नाही, अमुक खंड, अमुक पान बघा. कोणी सांगितलं नव्हतं हो! पहिल्या कपाटापासून एकेक निकाल तपासत हा गृहस्थ आपला पुढे पुढे सरकत होता. घरी मात्र लिहायचा भारी कंटाळा. किराण्याची यादीसुद्धा वहिनींनीच करायची. त्यामुळे ते गेल्यावर घरात त्यांच्या हातचा एक चिटोरासुद्धा निघाला नाही. अक्षर म्हणून जे काय उरलं होतं, ते त्या समासांत. वहिनींना हे पहिल्याच दिवशी दिसलं.

आणि त्यांनी मुकाट्याने खोडरबर उचलला. आता काय म्हणावं ह्या बाईला!

साहेबांनाच चुटपुट लागली. दुसरं काम देऊ का, म्हणून त्यांनी विचारून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, कुठलंही चालेल, हेही चालेल. नणंद रोज फोनवर सांगायची, एकदा पोटभर रडून घे, मोकळी हो. वहिनी ‘बरं’ म्हणायच्या आणि भांडी घासायला घ्यायच्या. नवरा गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, मग गाल आपला वाटतच नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. अक्षर दिसायचं, ओळखू यायचं, पुसलं जायचं. चुरा ब्रशने झाडला की पुढचं पान. अकरा महिन्यांत सहा कपाटं झाली.

मग एका सकाळी एक म्हातारे वकील तणतणत आले. कॉम्प्युटरवरून काढलेला निकाल त्यांनी भर कोर्टात वाचला होता, आणि समोरच्या पोरसवदा वकिलाने उठून सांगितलं होतं की हा निकाल फिरवून चाळीस वर्षं झाली. कोर्टात हशा पिकला. म्हाताऱ्यांनी कागद साहेबांच्या टेबलावर आपटला.

“पेन्सिलरावांची टीप नाही म्हणजे निकाल शाबूत, ह्या भरवशावर आम्ही आयुष्य काढलं. ह्या पानावरची टीप गेली कुठे?”

 साहेबांनी वहिनींकडे पाहिलं.

“मी पुसली,” वहिनी म्हणाल्या. “सगळ्याच पुसल्या.”

ह्या कोण ते साहेबांनी हळूच सांगितलं. म्हाताऱ्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि ते निघून गेले.

साहेबांनी मग आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. मशीनचा घोळ होतो तर होऊ दे, यापुढे टिपांसकट फोटो काढायचे. सातवं कपाट अजून शिल्लक होतं, त्यातल्या टिपा तरी वाचतील. वहिनींनी त्यातला पहिला खंड आणला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी हवंसं वाटत होतं.

पान उलटलं, समास कोरा. पुढचं, तेही कोरं. बटण दाबायचं राहिलं बाजूला, त्या नुसतीच पानं उलटत सुटल्या. दुसरा खंड झाला, तिसरा झाला. दुपारी त्या साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“हे सातव्या कपाटापर्यंत पोचलेच नव्हते,” त्या म्हणाल्या.

म्हणजे शेवटची टीप सहाव्या कपाटातली. गेल्याच आठवड्यात पुसलेली, बहुधा मंगळवारी, चहाच्या आधी. तीत काय लिहिलं होतं, हे साहेबांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं. वहिनी आठवत राहिल्या, पण आठवणार कुठून? त्यांनी ती वाचलीच नव्हती.