कडेवरचं पोर

खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर मी मास्तर होतो. शाळेला लागूनच अंगणवाडी. तिथली मदतनीस बाई खिचडी शिजली की उलथनं घेऊन दारात उभी राहायची आणि सहा वर्षांवरच्या पोरांना हुसकून लावायची. "सरकारचा घास बारक्यांचा हाय," एवढंच बोलायची. माझ्या शाळेतल्या मुली भावंडांना कडेवर घेऊन तिच्याच दारात दिसत. त्यांना मात्र ती आत सोडायची, आणि त्यांनी भावाच्या ताटलीत हात घातला की तोंड फिरवायची. तरी मला ती खाष्टच वाटायची.

त्या पावसाळ्यात पाड्यावरची बारकी पोरं वाळत गेली. एका मुलीचा भाऊ दवाखान्यात नेता नेता वाटेतच गेला. काही दिवसांनी ती मुलगी ताटली घेऊन दारात आली. कंबर सवयीने एका बाजूला कललेली, पण कडेवर कोणी नव्हतं.

आता ही हिलाही हाकलणार, म्हणून मी शाळेच्या पडवीतून उतरलो. तेवढ्यात बाईने पाठीला बांधलेला स्वतःचा नातू सोडला, मुलीच्या कडेवर दिला आणि दारातून बाजूला झाली.

"जा आत," ती म्हणाली. "तो लय नाय खात."