गाडीचं तोंड कुकडे होतं?

“गाडीचं तोंड कुकडे होतं?”

कुणीही काहीही सांगायला लागलं, की आमचे शेजारी आधी हे विचारत. सेवाग्रामच्या वळणावर ट्रक कलंडल्याची बातमी मी धापा टाकत आणली, तरी ते कंपाउंडच्या भिंतीवर बोट ठेवून आधी ट्रकचं तोंड नक्की करणार. माझं उत्तर बहुधा चुकायचं. मी ट्रक पाहिलेला असे, दिशा नाही.

वर्ध्याच्या नालवाडीत त्यांना सगळे मिक्सिंगवाले भाऊ म्हणत. लग्नात कॅमेरावाले सटरफटर शूटिंग करून आणत, आणि भाऊ त्या तुकड्यांतून सलग लग्न लावून देत. त्यांचा नियम सोपा होता. नवरदेव पडद्याच्या उजव्या कडेनं बाहेर गेला, तर पुढच्या तुकड्यात तो डाव्या कडेनंच आत आला पाहिजे.

“नाईतर पब्लिकले वाटते, नवरदेव पळून राह्यला,” ते म्हणत.

तुमच्याकडेही लग्नाची सीडी असेल. एकदा लावून बघा, तुमचा नवरदेव कुठं निघालाय ते.

हा नियम त्यांनी घरालाही लावला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा सावंगीच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. सकाळी मोटरसायकलवर फाटकातून निघून उजवीकडे जायचा. संध्याकाळ झाली की भाऊ फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून त्या दिशेला डोळे लावत.

“येताना तोंड डावीकडं पाह्यजे. तोंड फिरलं का समजायचं, माणूस घरी येऊन राह्यला.”

मुलगा येऊन गाडी स्टँडवर लावेपर्यंत ते नजर हलवत नसत. मग छातीवर हात ठेवून म्हणत, “पाणी आण रे.” ड्युटी करून थकून आलेला मुलगा, बसलेल्या बापाला पाणी आणून देई. रोज.

अशा माणसाच्या नशिबी पाठलागाचा सीन आला. वर्ध्यातल्या एका लोखंड-सिमेंटवाल्या शेठजींना सिनेमा काढायची हौस आली. नायक म्हणून त्यांनी भाऊंचा मुलगा घेतला, कारण तो दिसायला बरा आणि मोटरसायकल त्याची स्वतःची. खलनायक मी, कारण जीप माझी. बायको म्हणाली, “फाटकातून रिव्हर्स घेता येत नाई, आन् म्हणे पाठलाग.” मिक्सिंग अर्थातच भाऊंकडे.

मोटरसायकलचं शूटिंग एका सकाळी झालं, जीपचं दुसऱ्या दिवशी. आम्ही दोघं रस्त्यावर एकदाही समोरासमोर आलो नाही. पण माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून मी कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे लावायला लावला. पडद्यावर मोटरसायकल उजवीकडे धावायची, जीप डावीकडे. पाठलाग राहिला बाजूला, दोघं एकमेकांच्या अंगावर येत होते.

भाऊंनी कॉम्प्युटरच बंद केला. कपाळावर घाम.

“अहो, दोन वेगळे दिवस आहेत ते,” मी म्हणालो.

“मले मालूम आहे. पण छातीले कसं समजवू?”

चित्र आरशातल्यासारखं उलटवावं, तर जीपची नंबरप्लेटही उलटी दिसणार. म्हणून जीप पुन्हा काढली. मधल्या काळात भाचीच्या साखरपुड्यासाठी मी केस काळे केले होते. “दोन वळणांत जवान झाले तुम्ही,” म्हणत भाऊंनी मला टोपी घातली, खरीखुरी.

आता सगळं जुळलं असं वाटलं, तर शेठजींनी पाहून मान हलवली. “मजा नाई येत. शेवटी पोरगा जीपच्या समोरून कट मारून निघाला पाह्यजे. दोघं एकाच वेळी, खरंखुरं. रविवारी काढून टाकू.”

मुलगा हसत तयार झाला. मी नव्हतो. माझ्या जीपचा ब्रेक कसा आहे ते मला ठाऊक होतं, आणि माझा पाय कसा आहे तेही. पण खलनायकाला कोण विचारतं?

भाऊ हळूच म्हणाले, “शनिवारपर्यंत मी तुकड्यातून करून देतो. नाई पटलं, तर काढा रविवारी.”

त्यांनी थोडकंच मागितलं. मागं वळून पाहणारा मुलगा, जीपचं चाक, माझा चेहरा आणि रिकामा धुळीचा रस्ता. मुलाला तर त्यांनी स्टँडवरच्या गाडीवर बसवून वळायला लावलं. मग रोज तेच जोडणं, तेच तोडणं.

“मान वळतानाच कापा लागते,” ते मला सांगत. “डोळा मानेमागं जाते, जोड दिसत नाई.” आणि लगेच, “पटते काय? खरं सांगा. पटते काय?”

मी पटतं म्हणायचो. ते पुन्हा कापायला बसायचे.

शनिवारी संध्याकाळी शेठजी आले. भाऊंनी सीन सुरू केला आणि बाहेर निघून गेले. मुलगा ड्युटीवरून यायचा होता.

पडद्यावर मुलानं मान वळवायला घेतली. चाक. मुलाचे डोळे. माझा चेहरा. पुन्हा चाक, एवढं मोठं. आणि मग नुसता रस्ता, धूळ. त्या रस्त्यावर मी एकटाच होतो हे मला माहीत होतं. तरी माझा पाय फरशीवर असा दाबला गेला, की चपलेचा अंगठा तुटला. शेठजी खुर्चीसकट मागे सरकले होते.

“रहने दो,” खुर्ची पुन्हा पुढे ओढत ते म्हणाले. “रविवारी मलेही काम आहे.”

मी तुटकी चप्पल ओढत फाटकाशी गेलो. “पटलं त्यांना. रविवार रद्द.”

भाऊंनी मान हलवली, नजर रस्त्यावरच. “पोरगा नाई आला अजून.”

दूर एक दिवा दिसला.

“तोंड कुकडे आहे?”

“इकडेच,” मी म्हणालो. त्या दिवशी माझं उत्तर बरोबर आलं.

सिनेमा एका मंगल कार्यालयात दाखवला. कट मारायच्या जागी लोक ओरडले, माझ्या बाजूची बाई तर उठून उभी राहिली. भाऊ आलेच नाहीत. “मी पाह्यलं आहे लय वेळा,” म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. आम्ही त्यांना फाटकातून उजवीकडे नेलं. सगळं आटोपून परतलो, तेव्हा आमची सगळ्यांची तोंडं डावीकडे होती. फाटकाशी खुर्ची तशीच होती. मुलगा तिच्यात बसला, रस्त्याकडे बघत राहिला. शेवटचा माणूस वळणावरून आत आल्यावर मुलानं छातीवर हात ठेवला आणि पाणी मागितलं.