तात्याबांची जीप आणि पत्र्याचा डबा

मेंढरं विकून तात्याबांनी जीप घेतली, तेव्हापासून राहू गावच्या फाट्यावर दौंडच्या बाजाराला निघालेलं माणूस एसटीच्या आधी त्यांची वाट बघायचं. तात्याबांनी कुणाकडे कधी भाडं मागितलं नाही. गियरशेजारी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा असायचा. उतरताना कुणी त्यात दोन रुपये टाकी, कुणी मूठभर शेंगा. मागितलं नाही म्हणजे ते भाडं नव्हे, अशी त्यांची साधी समजूत होती. आणि गाडीचा विमा मात्र ते एकाही वर्षी चुकवत नसत.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत एक उसाची बैलगाडी अचानक आडवी आली. तिला वाचवताना जीप कालव्याच्या चारीत कलंडली. बाकी सगळे खरचटण्यावर निभावले, पण झुंबरबाईचा उजवा हात दोन जागी मोडला. नवरा गेल्यापासून ती एकटीच अर्धा एकर भाजीपाला करून बाजारात विकायची. दौंडच्या दवाखान्यात हातात स्टीलची पट्टी घालावी लागली. डॉक्टरांनी खर्चाचा आकडा सांगितला, तेव्हा तात्याबा शांतपणे म्हणाले, "हुं द्या डॉक्टर. इमा हाय गाडीचा."

आठवड्याने विमा कंपनीचा माणूस गावात आला. झुंबरबाईच्या ओसरीवर चहा पीत त्याने विचारलं, "बाई, सहज बसला होतात ना गाडीत? ओळखीचे म्हणून?"

झुंबरबाईला ते लागलं. "सहज कशी बसंन? दर बाजाराला पाच रुपये टाकून बसते मी. कुणाचं फुकट खायची सवय न्हाई आपल्याला."

दारात उभ्या असलेल्या तात्याबांनाही ते ऐकून बरंच वाटलं. साहेबाने ते लिहून घेतलं आणि तिचा अंगठा घेतला.

महिन्याभराने पत्र आलं. तात्याबांच्या मुलाने, संपतने ते दोनदा वाचलं. "आबा, विमा घरच्या वापराचा होता. आपण पैसे घेऊन माणसं नेली, म्हणून कंपनी देणार नाही. सगळं आपल्यालाच भरावं लागेल."

"पर मी मागितले कवा?"

"डबा तर ठेवला होता ना."

तात्याबांची बायको गीताबाई चुलीपुढून म्हणाली, "कवाधरनं सांगत व्हते, त्यो डबा काढा म्हनून. गाडीला काय देवळाची पेटी लावायची असती का?"

ही गोष्ट झुंबरबाईच्या कानावर गेली. दुसऱ्याच दिवशी, गळ्यात हात अडकवलेली ती चालत आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. संपत म्हणाला, एका वकिलाच्या मते अजून मार्ग आहे. बाईंनी कोर्टात वेगळं सांगितलं तर.

"सांगते की," झुंबरबाई म्हणाली. तिची नजर खाली होती. "म्हंते, फुकट बसले व्हते. गरीब बाई म्हनून आबांनी दया केली आन् बसवलं."

तात्याबा तिच्याकडे बघत राहिले. सहा वर्षांत ही बाई एकदाही डब्यात काही न टाकता उतरली नव्हती. एकदा सुटे नव्हते, तर मेथीची जुडी ठेवून गेली होती.

"नगं, झुंबरबाई," ते म्हणाले. "तुमच्या तोंडी ते शोभायचं न्हाई. बसा. चा घ्या."

संपत काहीतरी बोलणार होता. गीताबाईने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

पंधरा दिवसांत जीप मांडवगणच्या एका माणसाने विकत नेली. दवाखान्याचे पैसे फिटले. झुंबरबाईच्या वाफ्यांना महिनाभर तात्याबांनीच पाणी दिलं. डबा गीताबाईने डाळ ठेवायला घेतला.

हात बरा झाल्यावर झुंबरबाई पहिल्यांदा बाजाराला निघाली, तेव्हा फाट्यावर पिशवी घेऊन तात्याबाही एसटीची वाट बघत उभे होते. दोघं चढली. कंडक्टर जवळ आला. तात्याबांचा हात बंडीच्या खिशात जाईपर्यंत झुंबरबाईने डाव्या हाताने नोट पुढे केली होती.

"दोन दौंड," ती म्हणाली.

तात्याबांनी खिशातला हात तसाच बाहेर काढला आणि खिडकीकडे सरकून तिच्या भाजीच्या पाटीला जागा करून दिली.