चहाआधीचं फूल

ये बाई, खुर्ची जरा पुढं ओढ आणि माझ्या शेजारी बसल्यासारखी वाच, कारण आधी मला रागवायचं आहे. तू पाठवलेला गुलाबाचा फोटो बघितला. भर दुपारी, हाताशी खिडकी असताना, तू त्या गुलाबावर फ्लॅश मारलास. पोलिसानं तोंडावर बॅटरी मारलेल्या चोरासारखा दिसतोय बिचारा. खिडकी काय नुसती शेजारणीशी बोलायला असते का? मला कुणी फोटो शिकवले नाहीत, आणि चौथीच्या पुढं शाळाही नाही झाली, पण खिडकीतल्या उजेडाचं थोडंफार कळतं. कसं कळलं ते सांगते. त्यात तुझी पणजी येते, म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि तुझ्या आजोबांची नांदेडहून नव्या कचेरीत बदली झाली. कचेऱ्यांना इमारती कुठल्या? कुणाच्या माडीवर, कुणाच्या गोदामावर पाट्या लागलेल्या. पाट्यांचा रंग ओला आणि नळ कोरडे, असं ते लातूर. मी उमरीची, विहिरीवर वाढलेली, नंतर नांदेडला गोदावरीच्या काठी राहिलेली. इथं घागरी घेऊन टँकरमागं पळायचं. हे म्हणायचे, "अगं, जिल्हा आलाय, पाणी मागून येईल." त्यावर आत्याबाई म्हणायच्या, "जिल्ह्यात वरण शिजतं का रे?"

आत्याबाई आमच्याकडं राहायला जळकोटहून आल्या त्या एक वळकटी आणि डालड्याच्या डब्यात लावलेली तगर घेऊन. त्यांचा नेम असा की सकाळी अंघोळ करायची, गळ्यातलं शिवलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, त्यावर एक पांढरं फूल वाहायचं, आणि मगच चहा. तोवर पाण्याचा घोटसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं, "ही तगर हाय तवर मी हाय. ती वाळली की मला जळकोटच्या गाडीत बसवून दे." हसत बोलल्या, पण हसत बोललेलं त्या करून दाखवायच्या. मला तर त्या जायला नको होत्या. परक्या गावात दोन खोल्या, हे कचेरीत, तुझी आई नुकती शाळेत जायला लागलेली. दिवसभर भांडायला माणूस होतं, हा केवढा आधार.

तर तगर जगवायची होती. पण देवाच्या फुलाला भांड्यांचं खरकटं पाणी चालायचं नाही. मग आत्याबाई मोठ्या परातीत बसून साबणाऐवजी डाळीचं पीठ लावून अंघोळ करायच्या, आणि परातीतलं पाणी तगरीला जायचं. मी म्हटलं, "हे चालतं होय देवाला?" तर म्हणाल्या, "मी काय खरकटी हाय?"

आता कॅमेरा. माझ्या भावानं नवा घेतला तेव्हा जुना डबा कॅमेरा मला दिला. त्याला लांबची माणसं दिसायची, जवळचं सगळं धुकं. मला फूल काढायचं होतं जवळून. रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून मी तिथं तेल लावलेला पतंगाचा कागद धरायची आणि भिंगाची उघडझाप करणारी झडप उघडी ठेवून त्यावर काय उमटतं ते बघत बसायची. एकदा सहज आत्याबाईंचा पोथी वाचायचा चष्मा पुढं धरला, आणि दीड वीत अंतरावरचं तगरीचं फूल कागदावर उलटं पण लख्ख उमटलं. त्या दिवसापासून चष्मा कॅमेऱ्याला दोऱ्यानं बांधलेला.

"माझं डोळं काढून डब्याला लावलं हिनं," त्या येईल-जाईल त्याला सांगायच्या.

फूल एकच उमलायचं, आणि पूर्वेच्या खिडकीत ऊन यायचं त्यांच्या पूजेच्या वेळेनंतर. मी विनवलं, आत्याबाई, जरा थांबा. थांबल्या, पण आधी चौकशी झाली. आपल्यात वास घेतलेलं फूल देवाला वाहत नाहीत.

"तुझा डबा इतका जवळ जातोय. त्यानं वास घेतला म्हंजे?"

"त्याला नाक कुठंय आत्याबाई?"

त्यांनी कॅमेरा चहूबाजूंनी चाचपून बघितला. "न्हाई. नुसता डोळाच हाय. बघितलेलं चालतंय."

मग तगरीचा डबा आत आणून खिडकीपाशी ठेवायचा. कोवळं ऊनसुद्धा पांढऱ्या फुलाला फार होतं, पाकळ्या दिसेनाशा होतात. म्हणून खिडकीला ह्यांचं जुनं धोतर बांधायची. ऊन त्यातून गाळून यायचं, ताकासारखं. फुलामागं तुझ्या आईची पाटी उभी करायची, म्हणजे पांढरं उठून दिसतं. पण धोतरामुळं उजेड कमी, मग झडप जरा वेळ उघडी धरायला लागायची. किती वेळ? घड्याळ ह्यांच्या मनगटावर, कचेरीत. आत्याबाई म्हणाल्या, "मी ओम नमः शिवाय म्हणते. संपलं की सोड."

पहिला रोल धुऊन आला तर पाटी दिसत होती आणि फुलाच्या जागी पांढरा ढग. आत्याबाई डोळे मिटून, लांबवून, भक्तीनं म्हणत होत्या, आणि मी तोवर झडप धरून, त्यात उजेड जास्तच शिरलेला. मी म्हटलं, थोडं लवकर म्हणा की.

"देवाचं नाव काय बसचं तिकीट हाय, झटकन फाडायला?"

दुसऱ्या रोललाही ढगच.

उन्हाळा वाढला. टँकरला उशीर व्हायला लागला, परातीत पाणी उरेना, तगरीची पानं पिवळी पडून गळाली. शेवटी शेंड्याला एकच कळी राहिली. ती ज्या दिवशी उमलली त्या सकाळी, नेमकं तेव्हाच, एवढासा ढग येऊन उन्हासमोर बसला. गल्लीतली सगळी माणसं बाहेर येऊन वर बघत उभी, आणि मी खिडकीतून त्याला हातानं सरक सरक करतेय.

आत्याबाई तळहात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, बिनचष्म्याच्या आणि बिनचहाच्या. "अख्खा जिल्हा त्या ढगाला हात जोडायलाय," त्या म्हणाल्या, "आन माझी सून त्याला हाकलायलीय."

ढग न बरसता गेला. गल्ली हळहळली, मी तोंड फिरवून हसले. ऊन धोतरावर आलं. मी म्हटलं, "म्हणा आत्याबाई." आणि इतका वेळ चहा अडलेल्या माझ्या सासूनं देवाचं नाव असं भर्रकन घेतलं की माझं बोट जेमतेम खाली-वर झालं. "झालं का? तोड आता फूल."

तो फोटो साधला. पाकळीची मुरड न् मुरड दिसत होती. आत्याबाईंनी कॅमेऱ्याचा चष्मा सोडवून डोळ्यांना लावला आणि फोटो बराच वेळ बघितला. "न्हेते जळकोटला," म्हणाल्या. "दाखवीन समद्यांना, माझा चष्मा कुठं जात होता ते."

तोवर तगरीच्या काड्या झाल्या होत्या. त्यांनी वळकटी बांधली, ह्यांनी गाडीत बसवून दिलं. बोलल्याप्रमाणं गेल्या. मी परात धुऊन उभी करून ठेवली आणि पुढचे कितीतरी दिवस मला घरात बोलायला विषय सापडेना.

पाऊस पडल्यावर जळकोटच्या एका माणसाजवळ त्यांचा निरोप आला. इथली तगर फुलली, फोटोचा डबा घेऊन ये. मी तुझ्या आईला घेऊन दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं निघाले. गाडी वाटेत रखडली, पोचेपर्यंत उन्हं चढली होती. आत्याबाई ओट्यावर बसलेल्या, शेजारी चहाची कपबशी रिकामी. आणि अंगणातल्या तगरीवर एक फूल तसंच.

"पूजा झाली?" मी विचारलं.

"झाली. आज बेल वाहिला. फूल तुला ठेवलं."

"म्हणजे बेल चालतो? मग लातुरात का नाही चालला?"

"चालला असता की."

"मग गेलात कशाला?"

त्यांनी कपबशी उचलली, झाडावर वाऱ्यानं हललेल्या फुलाकडं बघितलं. "तू कुठं म्हणलीस, जाऊ नका म्हणून? गाडीत खायला दशम्या बांधून दिल्यास."

मला वाटलेलं, त्यांचा नेम आहे, आपण कसं मोडायला सांगावं. त्यांना वाटलेलं, सुनेला सुटल्यासारखं झालं असेल. फोटो राहिलाच त्या दिवशी. मी म्हटलं, "आत्याबाई, चला घरी." त्या आत गेल्या आणि वळकटी घेऊन आल्या. ती बांधून तयारच होती. पुढं शेवटपर्यंत आमच्याकडंच राहिल्या, आणि आम्ही मनसोक्त भांडलो.

तर पोरी, मीही इथं अशीच गप्प बसून राहणार होते. तुझं कॉलेज आहे, परीक्षा आहेत, आपण कसं म्हणावं, असं मनात यायचं. आता तसं करत नाही, सरळ म्हणते. मला तू इथं पाहिजेस. सुट्टी लागायची वाट बघू नकोस, दोन दिवस मिळाले तरी चालतील. लवकर ये.