लिंबाची पानं कोण खाऊन राहिलं?

जरा जवळ ये वं पोरी. तू बुटीबोरीत नोकरीला, मी इकडे नागपुरात, म्हणून काय झालं? कागदाजवळ तरी सरकून बस. महिन्यातून एकदा मावशीला फोन करतेस आणि त्यात काय सांगतेस, तर चांगला कॅमेरा घेतल्याशिवाय किड्यामुंग्यांचे फोटो जमत नाहीत. काहून जमत नाहीत? हातातल्या मोबाईलला काय झालं? या उन्हाळ्यात मी काय केलं ते आधी ऐक, मग जा दुकानात.

आमच्या गॅलरीतलं लिंबू तू पाहिलं आहेस. माझ्या आईच्या अंगणातलं लिंबाचं झाड घर विकल्यावर नव्या मालकाने तोडलं. त्याच्या शेवटच्या लिंबाच्या बिया मी कुंडीत टोचल्या होत्या, त्यातली एकच रुजली. हळूहळू रोप कमरेएवढं झालं. आणि या मे महिन्यात त्याची पानं संपायला लागली. आधी कडा कुरतडलेल्या, मग अर्धं पान, मग नुसता देठ. उलटसुलट करून पाहिलं, किडा कुठेच नाही. पक्ष्यांची घाण तेवढी पडलेली, काळी-पांढरी.

तुझे काका म्हणाले, "दवाई मारून टाकतो. नाहीच जगलं तर नवीन आणू."

नवीन आणाल हो, पण आईच्या अंगणातलं कुठून आणाल?

मी नर्सरीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, असं सांगून काय समजते? जवळून साफ फोटो पाठवा. न पाहता दवाई सांगत नाही मी, कोवळं रोप जळून जाईल."

आता आला का प्रश्न? मोबाईल पानाजवळ नेला की सगळं धुकं. दूर धरला की पान दिसतं, पानावरचं काही दिसत नाही. मग मी काकांचं पेपर वाचायचं भिंग उचललं, बर्डीच्या बाजारातल्या ठेल्यावरून आणलेलं.

"अवं, मी राशिभविष्य कशानं वाचू?"

"आज बायकोला भिंग द्यायचा योग आहे तुमचा. वाचायची गरज नाही."

भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्याला अगदी चिकटवून धरलं आणि पानाकडे हळूहळू सरकले. चारेक बोटांचं अंतर उरलं आणि एकदम पानाच्या शिरा उमटल्या! पण तिळभर पुढे गेलं की पुसट, तिळभर मागे आलं की पुसट. तेव्हा बटणं दाबत बसायचं नाही, आपणच मागेपुढे व्हायचं. कोपर कठड्याला टेकवायचं, श्वास धरायचा. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून खाली ठेवलं की पांढऱ्या कागदाचा उजेड पानाच्या पोटावर येतो. हे मला कोणी शिकवलं नाही, चुकत चुकत कळलं.

तरी दोन दिवस एक फोटो धड येईना. प्रत्येक हललेला. काका म्हणाले, "हात कापून राहिला तुझा. वय झालं आता." मी हसले, पण मनात चरकले. आत जाऊन हात टेबलावर पसरून किती वेळ पाहत बसले. हात तर स्थिर होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा कुंडीजवळ बसलेली आणि लाइन गेली. गल्लीभर लोक हळहळले. आमचा कूलर घरघरत थांबला, आणि माझ्यासमोरचं पानही थांबलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कुंडी मीच कूलरच्या स्टँडला टेकवून ठेवलेली, गळणारं पाणी आपसूक झाडाला मिळावं म्हणून. तूही तिथेच ठेवत असशील, नागपुरात कोण ठेवत नाही? दिवसभर स्टँड थरथरतो, त्याच्यासोबत झाड थरथरतं, आणि दोष माझ्या म्हाताऱ्या हाताला!

लाइन यायच्या आत धडाधड वीसेक फोटो काढले. आत येऊन एक मोठा करून पाहिला, तर पक्ष्याच्या घाणीला पाय होते. बारीकसं डोकं होतं, आणि ते पानाची कड खात होतं. मी इतके दिवस घाण म्हणून हात लावत नव्हते, आणि ती बेटी मजेत जेवून राहिली होती.

फोटो पाठवल्याबरोबर नर्सरीवाल्याचा फोन आला. "लिंबाच्या फुलपाखराची अळी आहे बाई. दवाईचं नाव घेऊ नका, हातानं वेचा."

वेचल्या. सात निघाल्या. पण एकदा तोंड पाहिल्यावर मारवेना वं. खालच्या मोठ्या कढीपत्त्याच्या झाडावर नेऊन सोडल्या, तोही त्यांना चालतो म्हणे. काका कुरकुरले, "म्हणजे आता कढी बिनपत्त्याची?" पण फांदी त्यांनीच वाकवून धरली होती.

लिंबाला आता पोपटी फूट आली आहे. कुंडी कूलरपासून हात-दीड हात दूर सरकवली, पाणी मी लोट्याने घालते. एक अळी मात्र माझ्या नजरेतून सुटली होती. तिने बुंध्याजवळ कोश केला आहे, कमरेला धाग्याने बांधून घेतल्यासारखा. रोज सकाळी त्याचा एक फोटो काढते. अजून हिरवा आहे. काळपट व्हायला लागला की फुलपाखरू निघायला आलं समजायचं. आठवड्याच्या आत निघेल असं वाटतं, आणि ते पुढच्या सुट्टीपर्यंत थांबणार नाही. म्हणून या रविवारीच ये. सकाळी लवकर निघ, आणि जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही.