पेपरच्या दिवशीचं जंगल

बायकोच्या शिक्षक भरतीच्या परीक्षेचं केंद्र बोरिवलीला आलं आणि मुलीला कुठे ठेवायचं हा प्रश्न उभा राहिला. मुलगी दोन वर्षांची होऊन गेली होती, पण अजून अंगावर पीत होती आणि आईच्या कुशीत शिरल्याशिवाय झोपत नव्हती. माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी तिला वाकायला आणि वजन उचलायला मनाई केली होती, आणि मुलगी दिवसभर नेमकं तेच करायला लावायची. बायकोचं माहेर लांब, जळगावकडे.

राहिलो मी. मानकोलीच्या एका गोदामात मी डिस्पॅचला आहे. तेव्हा शिफ्ट बदलत्या असायच्या. रात्रपाळी करून सकाळी घरी आलो की मुलगी खेळायला लागायची आणि मी झोपायचो. दिवसपाळीला ओव्हरटाइम लागला की मी पोचेपर्यंत ती झोपलेली. तिच्या लेखी मी घरात येऊनजाऊन असणारा, बहुतेक वेळ आडवा दिसणारा एक माणूस होतो. तिची माझ्याबद्दल काही तक्रार नव्हती. फक्त दिवसभर माझ्यासोबत राहायची तिला सवय नव्हती, आणि मलाही.

तोडगा बायकोनेच काढला. "सगळेच जाऊ," ती म्हणाली. "केंद्र नॅशनल पार्कपासून जवळ आहे. मी पेपर देते, तुम्ही तिला वाघ दाखवा."

आई काळा गॉगल लावून पलंगावर बसली होती. ती म्हणाली, "वाघबिघ नको दाखवू, पोर दचकंल. तिथं वर लेनी हायेत ना? तिथं ने तिला, बुद्धापुढं डोकं टेकव. सूनबाईच्या पेपराचं पन मनात बोल." आईचं माहेर वज्रेश्वरीच्या पलीकडचं. जंगल बघायला माणसं बस करून जातात हे तिला कधी पटलं नाही. "आमच्या दारात रानडुक्कर यायचं," ती म्हणाली, "कोनी तिकीट काढलं न्हाय."

रविवार होता. भिवंडी स्टँडवरून आम्ही बोरिवलीची सकाळची एसटी पकडली. खिडकीजवळ बायको, मध्ये मुलगी, कडेला मी. बायकोने बस सुटायच्या आधीच झेरॉक्सचे कागद काढले आणि ओठ हलवत वाचायला लागली. राहनाळला रस्त्याच्या कडेने कंटेनर एकामागे एक उभे होते. मुलगी प्रत्येकाला बोट दाखवून "टक" म्हणत होती आणि मी प्रत्येक वेळी "हो" म्हणत होतो. काशेळीचा पूल ओलांडेपर्यंत आमचं बरं चाललं होतं.

घोडबंदरच्या घाटात ट्रक बंद पडला होता. बस उभी राहिली, मग इंचाइंचाने सरकायला लागली. मुलीने सकाळी खाल्लेला शिरा माझ्या शर्टावर काढला. बायकोने कागद बाजूला ठेवायला घेतले तेव्हा मी म्हटलं, "तू वाच." बाटलीतल्या पाण्याने मी मुलीचं तोंड पुसलं, माझा शर्ट पुसला. पुढच्या सीटवरच्या माणसाने खिडकीची काच सरकवली. मुलगी आईकडे झेपावत होती आणि मी तिला धरून ठेवलं होतं. बायको वाचत होती, पण बराच वेळ तिने पान उलटलं नाही.

नॅशनल पार्कच्या स्टॉपला उतरलो तेव्हा वेळ कमीच उरला होता. बायकोने हायवेवर उभं राहूनच रिक्षा थांबवली. कसं निघायचं यावर आमचं आदल्या दिवशी बोलणं झालं होतं. सांगून गेलं तर मुलगी रडणार, न सांगता गेलं तर शोधणार. शेवटी मी मुलीला काकडीवाल्याच्या टोपलीकडे वळवलं आणि पाठीमागे रिक्षा सुटल्याचा आवाज ऐकला. मुलीनेही ऐकला. ती वळली.

"आई?"

"आई पेपरला गेली."

"पेपल," ती म्हणाली, आणि रिक्षा गेलेल्या दिशेला बघत राहिली. रडली नाही. मला ते चांगलं लक्षण वाटलं.

सफारीच्या रांगेत आम्ही बराच वेळ उभे होतो. बस हिरवी, खिडक्यांना जाळ्या. आत बसल्यावर मुलीला जाळीच जास्त आवडली. बोटं तिच्यात अडकवायची आणि सोडवायची हा खेळ तिने सुरू केला. वाघ दिसला तेव्हा सगळी बस एका बाजूला धावली. मी तिला वर उचललं. वाघ पाण्याच्या हौदाशेजारी पाय पसरून पडला होता आणि आमच्याकडे पाहत नव्हता.

"मनी," मुलगी म्हणाली. आमच्या चाळीतल्या मांजरीचं नाव मनी आहे. बसमधले दोघेतिघे हसले. वाघाने कान हलवला आणि बस पुढे गेली. वाघ बघणं तेवढंच झालं.

मग लेण्यांकडे जाणारी छोटी बस. हा रस्ता खऱ्या जंगलातून जातो. दोन्ही बाजूंना उंच झाडं, खाली वाळका पाला, आणि शहराचा आवाज एका वळणानंतर एकदम बंद. एका ठिकाणी चितळांचा कळप उभा होता. "कुत्ता!" मुलगी ओरडली. शेजारची मुलं हिंदी बोलतात, त्यामुळे प्राणी तिला आधी हिंदीतच आले. मी हरण म्हणून सांगितलं. तिने पुन्हा कुत्ताच म्हटलं.

कान्हेरीच्या पायऱ्या मी तिला कडेवर घेऊन चढलो. मोठ्या चैत्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या उंच उभ्या मूर्ती आहेत. माणूस त्यांच्या गुडघ्यापर्यंतही नीट पोचत नाही. आईने सांगितलं होतं म्हणून मी मुलीला खाली ठेवलं, हात जोडायला लावले, आणि मीही डोकं टेकवलं. पेपराचं मनात बोललो. मुलीने मान खाली घातली ती दगडावरून चाललेली मुंगी बघायला. तरी ते झालं.

दुपार होत आली तसं तिचं बिनसायला लागलं. ही तिची आईजवळ झोपायची वेळ. मी डब्यातला वरणभात काढला, तिने हाताने उडवला. बिस्किट दिलं, ते फेकलं. कातळावरून एक माकड उतरलं आणि बिस्किट घेऊन गेलं, त्याचं तिला एरवी हसू आलं असतं, पण आता ती रडायला लागली. आधी बारीक, मग मोकळा गळा. "आई पायजे!" मी कडेवर घेतलं तर पाठ मागे टाकून माझ्या छातीवर दोन्ही हातांनी ढकलायला लागली. "तू नको! घली चल! तू नको!"

मी तिला घेऊन ओसरीतून बाहेर आलो, परत आत गेलो. चैत्याच्या आत तिचा आवाज कितीतरी पट होऊन परत येत होता. लोक थांबून बघत होते. मला वाटलं, रडणाऱ्या पोराकडे बघतात तसंच बघत असतील.

तेवढ्यात एक बाई समोर आली. पंजाबी ड्रेस, खांद्याला मोठी पिशवी, मागे तिच्या घरची माणसं. तिने माझ्या शर्टावरचा डाग पाहिला, मुलीकडे पाहिलं.

"भाईसाब, ये बच्ची आपकी है?"

"हां, मेरी है."

"इसकी मम्मी किधर है?"

"एग्जाम देने गयी है."

हे खरं होतं, पण बोलल्यावर मलाच ते खोटं वाटलं. बाईने मागे वळून कुणाला तरी खूण केली. थोड्या वेळात तिथला गार्ड आला, आणि त्याच्यामागे आणखी माणसं. गार्ड मराठी होता, वयाने माझ्याहून मोठा. त्याने शांतपणे विचारलं, "मिसेसना फोन लावता का?"

"फोन बंद आहे. पेपरमध्ये नेऊ देत नाहीत."

"घरी दुसरं कोण?"

"आई आहे." मी फोन काढला. रेंज नव्हती. त्यालाही ते ठाऊक होतं.

"मुलीचा फोटो असेल की मोबाइलमध्ये."

मी गॅलरी उघडली. वरून खाली सगळे गोदामाचे फोटो. दबलेली खोकी, गाड्यांची सीलं, फाटलेलं पॅकिंग, पावत्या. डिस्पॅचला प्रत्येक गोष्टीचा फोटो पाठवावा लागतो. मी सरकवत राहिलो, मुलगी कानाशी रडत राहिली, आणि आजूबाजूची माणसं माझ्या फोनमधली खोकी बघत राहिली. मुलीचे फोटो बायकोच्या फोनमध्ये असतात. शेवटी एक सापडला. रात्रपाळीला निघताना काढलेला, मुलगी कुशीवर झोपलेली.

बाईने वाकून पाहिलं. "इसमें तो चेहरा ही नहीं दिख रहा."

तिचं बरोबर होतं. मला राग आला नव्हता, भीतीही नीटशी वाटत नव्हती. फक्त नको त्या गोष्टी दिसत होत्या. गार्डच्या चपलेचा एक अंगठा शिवलेला होता. पायरीवर आमचा वरणभात सांडला होता आणि माकड तो वेचत होतं. माणसांच्या घोळक्यातून एकाने कुणाला तरी व्हिडिओ काढ म्हणून सांगितलेलं मी ऐकलं.

गार्डने हात वर करून त्याला थांबवलं. मग तो मुलीच्या तोंडासमोर वाकला. "बाळा, रडू नको. मला सांग, हा कोण आहे?"

मुलीने हुंदका गिळला. माझ्याकडे पाहिलं.

"अहो."

"काय?"

"अहो," ती म्हणाली.

घरात बायको मला अहो म्हणते. आई माझ्याशी बोलते ती नाव न घेता. बाबा हा शब्द आम्ही मुलीला शिकवला होता, पण घरात तो कुणी वापरायचं नाही, म्हणून तीही वापरायची नाही. तिच्यासाठी माझं नाव तेच होतं. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. त्या क्षणी मात्र हे कसं समजवायचं ते कळेना.

गार्डने तिच्याकडे पुन्हा पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "आई काय म्हणते ह्यांना?"

"अहो, उता," मुलगी म्हणाली. नाक वाहत होतं. "अहो, उता ना. वाजले."

गार्ड मोठ्याने हसला. पायरीवर बसलेली एक म्हातारीही हसली. "बापच हाय तो," ती म्हणाली. गार्ड बाईकडे वळला. "मॅडम, इनकी मिसेस इनको सुबह ऐसेही उठाती है. बाप ही है, कोई शक नहीं." बाईला नीट कळलं नाही, पण सगळे हसताहेत म्हणून तिचाही चेहरा सैल झाला. माणसं पांगली.

मी ओसरीच्या कडेला बसलो. मुलीला मांडीवर घेतलं. बाई परत आली, शेजारी बसली, पिशवीतून डबा काढला. "बुरा मत मानना भैया. पर पूछना पडता है ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. खरंच बरोबर होतं. माझ्या मुलीला दुसरा कुणी असं नेत असता तर कुणीतरी विचारायलाच हवं होतं. बाईने तूपसाखर लावलेली पोळी गुंडाळून मुलीच्या हातात दिली. दुपारपासून मी दिलेलं सगळं उडवणाऱ्या मुलीने ती माझ्या मांडीवर बसून, हुंदके देत देत, संपवली.

खाली जाणारी बस रिकामी होती. पहिल्याच वळणाला मुलीची मान माझ्या खांद्यावर पडली. तोंड उघडं, गालावर साखर. जन्मल्यापासून आईवाचून ती पहिल्यांदाच झोपत होती. मी हललो नाही. गेटपाशी बस थांबली, सगळे उतरले, तरी मी बसून राहिलो.

कंडक्टर जवळ आला. "उतरायचं नाही?"

"उठेल ही," मी हळू आवाजात म्हटलं. "परत वर जातो."

त्याने मुलीकडे पाहिलं आणि तिकीट फाडलं.

बस पुन्हा वर गेली आणि पुन्हा खाली आली. मला वाटतं आणखी एकदाही गेलो. सकाळी मुलीला काहीतरी दाखवायच्या नादात मी रस्ता पाहिलाच नव्हता. आता दाखवायला कुणी नव्हतं. उतरतं ऊन झाडांच्या बुंध्यांवर तिरकं पडलं होतं. नाल्याच्या दगडांत थोडं पाणी होतं, त्याच्या काठी एक सांबर उभं होतं, ओलं, गळ्याखाली दाट केस. बस गेली तरी ते हललं नाही. बसमध्ये आणखी कुणी ते पाहिलं असेल असं वाटत नाही. माझा हात खांद्यापासून बधिर झाला होता, मुलीच्या घामाने शर्ट भिजला होता, आणि बस कधी थांबूच नये असं मला वाटत होतं.

बायको गेटवर आली तेव्हा मुलगी जागी होऊन काकडी खात होती. आईला पाहताच तिने काकडी टाकली. बायकोने तिला छातीशी घेतलं आणि मला विचारलं, "रडली?"

"थोडी. पेपर?"

"गणिताला वेळ पुरला नाही."

परतीच्या एसटीत एकच जागा मिळाली. बायको मुलीला घेऊन बसली, मी दांडा धरून उभा राहिलो आणि कापूरबावडी येईपर्यंत गार्डची हकीगत सांगितली. ती आधी इतकी हसली की लोक वळून बघायला लागले. मग तिने मुलीला जवळ ओढलं. काशेळीच्या पुलावर म्हणाली, "माझा फोन बंद होता ना." आणि थोड्या वेळाने, "तुमच्या फोनमध्ये चार फोटो पाठवते."

त्या परीक्षेत तिचं नाव लागलं नाही. नंतरच्या भरतीत लागलं. आता ती वाडा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते आणि सकाळी लवकर निघते. मी साहेबांना सांगून कायमची दिवसपाळी घेतली, ओव्हरटाइम सोडला. मुलगी बालवाडीत जाते, मला बाबा म्हणते. रात्री तिला झोपवायचं काम बोरिवलीहून आलो त्या आठवड्यापासून माझ्याकडे आहे. झोप येईपर्यंत ती माझ्या शर्टाचं वरचं बटण फिरवत बसते. दोन शर्टांची बटणं तुटली आहेत. बायको म्हणते शिवून देते, पण शाळेचं काम घरी आणते, त्यात राहून जातं.